लाल रेघेची काठी

आमच्या सोसायटीच्या जिन्याची तिसरी पायरी गेल्या उन्हाळ्यात नापास झाली. त्याआधी सहा वर्षं ती पास होती. पायरी तीच, फरशी तीच, पण रंगनाथराव पिंगळ्यांनी तिच्याशेजारी काठी उभी धरली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नो-गो." मी मागे दळणाचा डबा घेऊन उभा होतो. सहा वर्षांत पायरी वाढली की काय, असं मी विचारलं. ते काठी घेऊन चौथ्या पायरीकडे वळले. मी मनातल्या मनात म्हटलं, गेला हा माणूस कामातून.

रंगनाथराव मूळचे सिन्नरकडचे. हयात ओझरच्या विमान कारखान्यात गेली, तीही तपासणी खात्यात. पार्ट मापात बसला तर 'गो', नाही बसला तर 'नो-गो'. तिसरा शेरा त्यांच्या तोंडाला ठाऊकच नव्हता. निवृत्त झाल्यावर तपासायला पार्ट उरले नाहीत, म्हणून त्यांनी नाशकातल्या पायऱ्या धरल्या, असा आमचा समज. त्यांच्या काठीवर खालून वीतभर उंचीवर लाल रंगाची रेघ होती. काठी पायरीला लावायची. वरची कड रेघेच्या आत असली तर गो, वर गेली तर नो-गो. पांडवलेण्याच्या बऱ्याचशा पायऱ्या अशाच उडाल्या. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या कातळातल्या पायऱ्या त्यांनी खालून नुसत्या बघितल्या आणि काठी न लावताच सगळ्या नापास केल्या. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलगी पसंत पडली पण तिच्या घरचा जिना नापास झाला. तसं त्यांनी मुलीच्या वडिलांना चहा पिता पिता सांगितलंही. भीडभाड हा प्रकार नाही, आणि एकदा नापास म्हटलेलं कुणाच्या बापासाठीही पास करायचं नाही.

त्यांच्या बायकोला, मंदावहिनींना, आम्ही खाली क्वचितच बघायचो. गुडघे गेलेले, आणि हृदयामुळे डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते.

तर आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींनी पेरूला जायचं काढलं. इंका लोकांच्या जुन्या डोंगरवाटेचा छोटा ट्रेक, एका दिवसाचा, बरोबर वाटाड्या. रंगनाथरावांनी सगळ्यांत आधी नाव दिलं. 'माचू पिचू' हे नाव मात्र त्यांनी मान्य केलं नाही. "डोंगराच्या अंगावर सपाटी हाय ना? मंग ती माची. पुढं काय पिचू असंल ते असू द्या." तेव्हापासून आम्ही सगळेच 'माचीला' निघालो होतो.

आगगाडीनं आम्हाला मधेच नदीकाठी उतरवलं. आम्ही सहा नाशिककर आणि यानेत नावाची तिथली वाटाडी मुलगी. पूल ओलांडला आणि चढ सुरू झाला. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला फुलं, आणि पायाखाली इंकांनी लावलेले दगड. आम्ही धापा टाकत फोटो काढत होतो. रंगनाथराव सगळ्यांच्या मागे, वाकलेले. "गो. गो. नो-गो." दुपारपर्यंत यानेतलाही हे शब्द पाठ झाले. माचू म्हणजे आमच्या भाषेत म्हातारा, असं तिनं त्यांना सांगितलं. "मंग म्हातारी माची," ते म्हणाले. दुरुस्ती एवढीच झाली.

यानेतनं सकाळीच बजावलं होतं की खाली गावात नेणारी शेवटची बस साडेपाचची. ती चुकली तर अंधारात पायी उतरायचं. आणि सूर्यदरवाजा, म्हणजे रंगनाथरावांच्या भाषेत महादरवाजा, त्याच्या अलीकडे एक जिना आला. जिना कसला, भिंतच. लोक चारी पायांवर चढत होते. घड्याळ पुढे पळत होतं आणि आमचे इन्स्पेक्टर एकेका पायरीला काठी लावत होते. "नो-गो. नो-गो. नो-गो."

माझा पारा चढला. मी उलटा चार पायऱ्या उतरलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. सगळ्यांना वेठीला धरलंय, कारखाना सुटला तरी खोड सुटत नाही, इंकांनी काय तुमच्या मापानं दगड लावायचे होते का, वगैरे.

त्यांनी काठी माझ्यासमोर धरली. लाल रेघेच्या वर आणखी तीन रेघा होत्या, खरवडून काढलेल्या. मी इतक्या वर्षांत त्या पाहिल्याच नव्हत्या.

"हा मंदाचा पाय हाय," ते म्हणाले. "एवढाच उचलतो. तीन वर्सं झाली, दर वर्षी रेघ खाली घ्यावी लागती. सैपाकघरात कॅलेंडरवर या माचीचं चित्र हाय. वरीस सरलं तरी तिनं उतरवलं नाय. तवा म्हनलं, आधी बघून येतो."

मी त्या खरवडलेल्या रेघांवरून बोट फिरवलं. तिसरी पायरी का वाढली होती, ते तेव्हा कळलं. मी खूप शरमलो. पुढच्या पायऱ्यांना काठी मी धरली, ते वाकून बघत गेले. सगळ्या नापास. शेवटची बस कशीबशी मिळाली. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी बसनंच परत माचीवर गेलो. फाटकापासून त्यांनी पुन्हा मोजायला घेतलं आणि काठी परत माझ्याकडे आली. एकोणीस पायऱ्या झाल्यावर एक सपाटी लागली. तिथून अख्खं दगडी गाव आणि पाठीमागचा सुळका, अगदी कॅलेंडरवर होता तसा. यानेतनं रखवालदाराला काहीतरी समजावलं आणि त्यानं त्यांना तिथे बसू दिलं. आम्ही वर हिंडून आलो. ते तासभर तिथेच, बसायला दगड नीट आहे ना हे तपासत.

संध्याकाळी हॉटेलवरून त्यांनी घरी फोन लावला, स्पीकरवर. नाशकात पहाट, वहिनींचा चहा चालला होता. किती पायऱ्या, एवढंच वहिनींनी विचारलं.

"एकोणीस," रंगनाथराव म्हणाले. "समद्या गो."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मोजताना काठी माझ्याच हातात होती. पाचवी आणि अकरावी, दोन्ही रेघेच्या चांगल्या चार बोटं वर होत्या. ते माझ्याकडे बघेनात.

"भाऊजी आहेत का तिथं?" वहिनी म्हणाल्या. "द्या त्यांना. हे मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीत ना?"

मी फोन घेतला. म्हटलं, "नाही वहिनी. काठी मीच धरली होती. सगळ्या गो."