बहात्तरास एक

विमानाच्या पंखामागे नळकांडी किती होती, आठ की बारा, एवढीच माहिती धनश्रीला हवी होती. ती मिळवण्यासाठी तिने रीतसर अर्ज केला, आणि तिथेच तिचं चुकलं.

धनश्री शिरूर कासारची. साचेकामाचा डिप्लोमा करून ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. कंपनी विमानांचे संच काढायची. खोक्यात प्लास्टिकचे शंभर-सव्वाशे तुकडे, पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर आणि सूचनापत्रक. घेणाऱ्याने ते तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि तयार झालेलं विमान कपाटात ठेवायचं. प्रमाण बहात्तरास एक. म्हणजे खरं विमान बहात्तर हात असेल तर हे एक हात. बबनरावांना आपली लेक नेमकं काय करते हे पाहुण्यांना समजावून सांगता येत नसे. ते "पोरगी विमानाच्या खात्यात हाय" असं सांगत आणि लगेच हवापाण्यावर येत.

या कामात साचा करणं त्यामानाने सोपं. खरी मेहनत त्याच्या आधीची. एकाच कारखान्यातून निघालेली दोन विमानंसुद्धा सारखी नसतात. एकाला पोटाखाली अँटेना जास्त असते, दुसऱ्याच्या शेपटीवरचा पट्टा बोटभर खाली असतो. आणि हे संच घेणारी माणसं साधी नसतात. ती भिंग लावून रिवेट मोजतात, आणि एक कमी भरला तर कंपनीला चार पानी पत्र लिहितात. म्हणून धनश्री आधी फोटो गोळा करी, मापं काढी, माणसांना विचारी, आणि मगच संगणकावर पहिली रेघ मारी.

या खेपेला कंपनीने तिला तिच्याच गावावरून उडालेलं विमान दिलं होतं. काही वर्षांपूर्वी कृत्रिम पाऊस पाडण्यासाठी दोन इंजिनांचं एक विमान तालुक्यावर घिरट्या घालून गेलं होतं. पंखांच्या मागे लावलेली मिठाची नळकांडी ढगाखाली पेटवायची आणि पाऊस पाडायचा, अशी ती योजना. विमानाचा साधा सांगाडा धनश्रीला पुस्तकातून मिळाला. या विशिष्ट विमानाचा रंग आणि नळकांडी मात्र पुस्तकात नव्हती.

विमान अख्ख्या गावाने पाहिलं होतं, ही मोठीच अडचण झाली. मोहनराव म्हणाले, "लाल व्हतं." बंकट म्हणाला, "हिरवंगार." एका गृहस्थांनी चार पंख सांगितले आणि चौथ्या पंखाबद्दल शपथ घ्यायची तयारी दाखवली. सोळा साक्षीदार झाल्यावर धनश्री गावाबाहेरच्या माळावर सत्यभामाआत्याकडे गेली. सत्यभामाआत्या शेळ्या राखायची. योजनेच्या उद्घाटनाच्या दिवशी खाली मांडवातल्या पाहुण्यांना दिसावं म्हणून विमान फार खालून नेलं होतं, आणि आत्या तेव्हा टेकाडावर असल्यामुळे ते तिच्या डोक्यावरून न जाता जवळजवळ समोरून गेलं होतं.

"आत्या, नीट बघितलं व्हतं का तुमी?"

"न बघून सांगते व्हय? शेरडं बुजली ना माझी. पाठ पांढरी, पोट निळं. पंखाच्या मागं नळ्या. ह्या अंगाला सहा, त्या अंगाला सहा."

"सहाच कशावरून?"

"पोरी, रोज सांजच्याला एकेचाळीस शेरडं मोजून घरला आणते मी. मला बारा नळ्या मोजता यीनात का?"

धनश्रीने वहीत लिहिलं: साक्षीदार सतरा, विश्वासार्ह. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, "माहिती उत्तम आहे. पण शेळ्या राखणाऱ्या बाईंचा संदर्भ सूचनापत्रकात कसा छापणार? लोक हसतील. एखादा अधिकृत कागद आणा. कागद मिळाला तर संच निघेल, नाहीतर आपण हे विमान सोडून देऊ."

सहा महिन्यांचं काम सोडून द्यायची धनश्रीची तयारी नव्हती. ती बीडला गेली. तिथल्या एका कचेरीत या योजनेसाठी पर्जन्य कक्ष उघडलेला होता आणि योजना संपल्यावर तो बंद करण्याचा आदेश न आल्यामुळे अजून चालू होता. कक्षाचे कारकून रामप्रसाद यांनी फाइल काढून दिली. फाइलीत विमान सोडून सगळं होतं. मांडवाचा नकाशा होता, नारळ फोडण्याचा क्रम होता, पाऊस फार झाल्यास घ्यावयाच्या खबरदारीचं परिपत्रक होतं. अहवालात म्हटलं होतं, "अपेक्षित पर्जन्य ७२ मि.मी. प्रत्यक्ष नोंद १ मि.मी. (मापकाशेजारी शिपायाने तोंड धुतल्याची शक्यता नाकारता येत नाही.) विमान कोसळल्याचे निदर्शनास आले नाही. सबब प्रयोग समाधानकारक." विमानाच्या वर्णनाखाली लिहिलं होतं: "विमान, एक नग. रंग, विमानाचा. नळकांडी, आठ."

फोटो बासष्ट होते, सगळे उड्डाणाआधी धावपट्टीवर काढलेले. प्रत्येकात पाहुणे विमानापुढे उभे होते आणि विमान दिसणार नाही अशा बेताने उभे होते. अडतिसाव्या फोटोत मात्र एका पाहुण्यांनी हार घालून घेण्यासाठी मान वाकवली होती आणि त्यांच्या खांद्यावरून दोन नळकांडी डोकावत होती. धनश्रीने पट्टी काढली. दोन नळकांड्यांमधलं अंतर आणि पंखावर उरलेली जागा यांचा हिशेब मांडला. एका बाजूला सहा. आत्याचं बरोबर होतं. त्या कचेरीत भर दुपारी तिला इतका आनंद झाला की रामप्रसाद यांनी घाबरून फाइल जवळ ओढली.

"आठ लिवलंय, मॅडम. आठच."

"पण फोटोवरून बारा निघतात."

"फोटो पाहुण्यांचा हाय, विमानाचा न्हाई. त्याच्यातून विमानाची माहिती काढता येत न्हाई."

"मग खरं काय ते कसं कळणार?"

"लेखी अर्ज द्या," रामप्रसाद म्हणाले. समोरचा माणूस पुन्हा येणार नाही अशी खात्री असली की ते हे वाक्य म्हणत. धनश्रीने तिथेच बाकावर बसून अर्ज लिहून दिला.

या विमानाचा नमुना आपण घरी केला आहे असं सांगून अर्जात तिने विचारलं होतं की नळकांडी आठ की बारा. पर्जन्य कक्षात तो असा वाचला गेला की नळकांडी बारा होती, नोंद आठांची आहे, मग मधली चार गेली कुठं? चार दिवसांत चार नळकांड्यांच्या शोधासाठी तीन जणांची समिती नेमली गेली. अध्यक्ष आप्पाराव हे निवृत्तीला आलेले अधिकारी, अत्यंत प्रामाणिक. समोर नसलेल्या वस्तूवर सही करायची नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की विमानाची समक्ष पाहणी झाल्याशिवाय समिती मत देणार नाही. विमान कुठं आहे याची चौकशी झाली. ते ज्यांच्याकडून आलं होतं त्यांच्याकडे गेलं होतं, आणि ते कोण हे फाइलीत नव्हतं. मग रामप्रसाद यांना आठवलं की अर्जदार बाईंनी एक विमान स्वतःच्या घरी असल्याचं अर्जातच नमूद केलं आहे.

समिती जीपने शिरूरला आली. बबनरावांनी अंगणात खुर्च्या टाकल्या. विमानाचे लोक आपल्या घरी आले, हे गल्लीला दिसावं म्हणून त्यांनी दार सताड उघडं ठेवलं. धनश्रीने थ्रीडी प्रिंटरवर काढलेला कच्चा नमुना टेबलावर ठेवला. आप्पारावांनी चष्मा पुसला, नमुन्याला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि पंचनामा सांगायला सुरुवात केली.

"विमान समक्ष पाहिले. एक नग. रंग करडा. लांबी किती, रामप्रसाद?"

"साडेअठरा सेंटिमीटर, साहेब."

"लिहा. पंख?"

"तेवीस."

"नळकांडी मोजा." रामप्रसाद यांनी टाचणीच्या टोकाने मोजली. "बारा."

"बारा. वैमानिक आढळून आला नाही."

"साहेब," धनश्री म्हणाली, "हे खरं विमान नाही. हा नमुना आहे. बारा नळकांडी मीच बसवलीत, सत्यभामाआत्यांनी सांगितलं म्हणून."

"बाई, खरं विमान आम्हाला दाखवायला कुणी तयार आहे का?"

"नाही."

"तुम्ही तुमचं दाखवायला तयार आहात. मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?" आप्पाराव अगदी मायेने म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पंचनामा वर गेला आणि वरून तातडीची विचारणा आली. साडेअठरा सेंटिमीटरच्या विमानाने तालुक्यावर बारा फेऱ्या कशा मारल्या, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. कक्षात सगळ्यांचे चेहरे उतरले. रामप्रसाद यांनी मात्र धनश्रीच्या नमुन्याखालची प्रमाणाची चिठ्ठी वाचून ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या आकड्यात सौंदर्य दिसलं. त्यांनी खुलासा लिहिला:

"सदर विमान १:७२ या प्रमाणात असल्याचे निष्पन्न झाले आहे. अपेक्षित पर्जन्य ७२ मि.मी. होता. प्रत्यक्षात १ मि.मी. झाला. म्हणजेच पर्जन्यही १:७२ या प्रमाणातच झाला असून त्यात एका थेंबाचीही तूट नाही. नळकांड्यांतील चारची तफावत याच प्रमाणाने पाहता नळकांड्याचा अठरावा भाग भरते व ती नगण्य आहे. सबब नळकांडी बारा, म्हणजेच आठ, मान्य व्हावीत."

मान्य झाली. प्रयोग शंभर टक्के यशस्वी ठरला. जिल्ह्याच्या सगळ्या कचेऱ्यांना कळवण्यात आलं की यापुढे कोणतंही काम अपुरं म्हणण्याआधी ते कोणत्या प्रमाणात आहे ते तपासावं. महिन्याभरात एकही काम अपुरं उरलं नाही.

धनश्रीला तिचा अधिकृत कागद मिळाला. शिक्का होता, जावक क्रमांक होता, बारा हा आकडा होता. ती तो घरी घेऊन आली आणि नमुन्याशेजारी ठेवून पुन्हा वाचू लागली. आत्याच्या सांगण्यावरून तिने नमुना केला होता, नमुन्यावरून कचेरीने नोंद केली होती, आणि आता त्या नोंदीच्या आधारावर नमुना अधिकृत ठरत होता. आकडा खरा होता. त्याखाली नाव मात्र भलत्यांचंच होतं. तिने साहेबांना फोन केला.

"सर, सूचनापत्रकात सत्यभामाआत्यांचं नाव घालू या. एक ओळ."

"धनश्री, जागा नाही. गोंदाच्या धोक्याची सूचना चार भाषांत द्यावी लागते."

संच निघाला आणि चांगला खपला. पत्रंही आली, पण यावेळी कौतुकाची. एका गृहस्थांनी लिहिलं की निळ्या पोटाची छटा पाहून डोळ्यांत पाणी आलं. पाऊस पडला होता का, असं एकाही पत्रात विचारलेलं नव्हतं.

साहेब खूश झाले आणि त्यांनी पुढचं काम दिलं. ज्या गावावरून हे विमान उडालं ते गाव. त्याच प्रमाणात. विमानाखाली मांडायला भेगा पडलेली जमीन, टँकर, हंड्यांची रांग, शेळ्या, बाया. धनश्रीने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग तिला वाटलं, कागदावर नाही तर नाही, प्लास्टिकमध्ये तरी आत्या येईल. तिने होकार कळवला आणि नेहमीसारखी जीव ओतून मेहनत केली. जमिनीच्या भेगांची खोली मोजली. टँकरच्या कोणत्या कडेने पाणी गळतं ते पाहिलं. माळावर जाऊन आत्याचे फोटो चारही बाजूंनी काढले, काठीची उंची घेतली, पदर कुठं खोचलाय ते टिपलं.

तो संच विमानापेक्षा तिप्पट गेला. तुम्ही पाहिलाही असेल. बऱ्याच सुसंस्कृत घरांत तो दिवाणखान्यात असतो, पुस्तकांच्या जरा पुढे, वरून छोटा दिवा सोडलेला. रंगवणाऱ्यांनी त्यावर महिने घालवलेत. पत्रांचा ढीग आला. एकाने लिहिलं, शेळ्या अंमळ जाड वाटतात. दुसऱ्याने कळवलं, रांगेतल्या तिसऱ्या बाईच्या हंड्याचा पोचा उजवीकडे हवा होता. एका वाचनवेड्या, संवेदनशील दांपत्याने विचारलं की जमिनीच्या जादा भेगा वेगळ्या विकत मिळतील का, कारण त्यांचं कपाट मोठं आहे.

धनश्री रंगवलेला एक संच घेऊन माळावर गेली. तिने बाहुली चिमटीत धरून आत्याच्या तळहातावर ठेवली. दोन सेंटिमीटरची बाई, हातात काठी, मान वर. आत्याने ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. लुगड्याचा रंग बरोबर होता. खोचलेला पदर बरोबर होता.

"मीच हाय गं," ती म्हणाली. "हुबेहूब. हे कोण घेतंय?"

"पुण्यामुंबईची माणसं. लई आवडीनं घेतात, आत्या. घरात समोर ठेवतात."

"रोज बघतात?"

"रोज."

आत्याने पुन्हा एकदा त्या बाहुलीकडे निरखून पाहिलं. शेळ्या पुढे सरकल्या होत्या, तिला जायचं होतं. बाहुली परत देताना तिने मनापासून विचारलं,

"तिथनं मी एवढीच दिसते व्हय?"