हमिंगबर्डसाठी गूळ

मी हातात घेतलेलं काम कधी बिघडत नाही. बिघडलंच, तर ते आधीपासूनच बिघडलेलं होतं हे मी सिद्ध करू शकतो. बंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहे, तेवढं शिकलोय.

म्हणून शहाण्णव साली केतकीने, आमच्या लेकीने, अमेरिकेहून ती लाल बाटली पाठवली तेव्हा मी बायकोला म्हटलं, "विद्या, आठवड्याभरात पक्षी हजर करतो."

बाटली हमिंगबर्डची. साखरपाणी भरून बागेत टांगायची, वसंतात पक्षी येतो. केतकी लग्न होऊन नुकतीच तिकडे गेली होती. जावई दिवसभर ऑफिसात. "आई, इथे दारावर कुणी येत नाही गं," ती फोनवर म्हणाली. "शेजारी कोण राहतं तेही माहीत नाही. निदान पक्षी तरी येईल म्हणून मीही बाटली टांगलीय. तुमच्याकडे आला की सांग." तेव्हापासून विद्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

साखरेत कसलं आलंय सत्त्व? उन्हातून आलेल्याला आपण गूळपाणी देतो. मी गूळ घातला आणि बाटली जास्वंदीशेजारी टांगली. मग ऑफिसात कळलं, हा पक्षी भारतात येतच नाही. घरी विद्या खिडकीशी खुर्ची टाकून बसलेली. सांगायला माझी जीभ रेटेना.

पक्षी सोडून बाकी सगळे आले. आधी मुंग्या, मग मधमाश्या, मग फाटकाशी शेजारचे नागोजीअण्णा. घराणं तीनशे वर्षं बंगळूरचं, नाक त्याहून जुनं.

"सार, स्वल्प वास येतोय की."

"कसला?"

"दारूचा. आमची अक्का म्हणती, साहेबांनी भट्टी लावली काय बघून या."

"गुळाचं पाणी आंबलंय, अण्णा. पाखरांसाठी ठेवलंय."

"पाखरं पितात?"

"अजून नाही."

"मग कोण पितंय?"

विद्याने त्यांना आत बोलावून चहा दिला. चौकशीला आलेले अण्णा तासभर गप्पा मारत बसले.

ते जाताच मी बाटली काढायला गेलो, तर जास्वंदीवर इवलासा जांभळा पक्षी. चोच फुलात, पाठ बाटलीकडे.

"हमिंगबर्ड," मी छातीठोकपणे म्हणालो. विद्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

रविवारी फोनवर तिने सांगून टाकलं, "आला गं आला."

"आमच्याकडे नाही आला." केतकीचा आवाज बारीक झाला. "बाबांनी काय घातलं होतं?"

"गूळ. मी दिलेली ढेप आहे ना? तीच घाल."

मी हातवारे करून थकलो. फोन ठेवल्यावर सगळं खरं सांगितलं.

"ठाऊक आहे," विद्या म्हणाली. "शिंजीर तो. माझ्या माहेरी जास्वंदीवर रोज यायचा."

"मग तिला गूळ कशाला घालायला सांगितलास? तिकडेही वास सुटेल."

"सुटू दे."

पुढच्या रविवारी केतकी नुसती चिवचिवत होती. पक्षी आला नव्हता. पण वास कसला म्हणून शेजारच्या बाई विचारायला आल्या, आणि दोनदा चहा घेऊन गेल्या.

विद्या त्या दिवशी पोटभर जेवली. मलाही फार बरं वाटलं.

"बघ," मी म्हणालो, "माझं काम कधी बिघडत नाही."

तिने ती बाटली माझ्या हातात दिली. घासायला.