अमोनियाचा आकडा आणि माझी अब्रू

माझं यंत्र खोटं बोलत नाही. हे मी त्या दिवशी छाती पुढे काढून चारचौघांत म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

आमच्या शीतगृहात अमोनियाची गळती होते का, हे हुंगायला मी दोन वर्षं खपून ते बांधलं. हातभर नळी, दोन्ही टोकांना समोरासमोर आरसे. आत लेझरचा उजेड सोडला की तो बिचारा या आरशावरून त्या आरशावर हजारो येरझाऱ्या घालतो. हातभर नळीत कित्येक किलोमीटर चालतो म्हणा ना! वाटेत अमोनिया भेटला तर तो उजेड खातो आणि उजेड लवकर विझतो. किती लवकर विझला, यावरून अमोनिया किती ते कळतं. अब्जात चार कण असले तरी सुटत नाहीत.

साहेब तपासणीला येणार होते. पास झालं तर ठीक, नाहीतर यंत्र भंगारात.

साहेब यंत्राच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसले. मी वाकून नळीचं तोंड पुसलं आणि बटण दाबलं. आकडा चार, मग चाळीस, मग चारशे.

"गळती आहे," मी म्हणालो. "शीतगृह रिकामं करा."

चाळीस माणसं स्वेटर-कानटोप्यांसकट उन्हात उभी राहिली. फिटर साबणाचं पाणी घेऊन पाइपाचा एकेक सांधा तपासू लागला, मी त्याच्या मागे "नीट बघ, नीट बघ" करत. एक बुडबुडा निघेल तर शपथ. तेवढ्यात यंत्रापाशी आकड्यावर नजर ठेवून बसलेल्या आमच्या केमिस्ट बाईंनी हाक मारली, "आकडा उतरला हो." मी धावत आत आलो, तर परत चढला.

फिटर साहेबांना म्हणाला, "रद्दीवाल्याला द्या हे. तो निदान वजनावर तरी घेईल."

बाई मात्र विचारात पडल्या होत्या. "तुम्ही जरा बाहेर जाऊन या बरं," त्या मला म्हणाल्या. गेलो, उतरला. आलो, चढला. तीनदा तेच. मग त्या माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या आणि माझा हात आपसूक केसांकडे गेला.

सकाळी बायको म्हणाली होती, "अहो, साहेबांसमोर जायचंय, डोक्याकडे बघा जरा." आणि तिनेच कलप लावून दिला होता. कलपात अमोनिया असतो.

गप्प बसलो असतो तर अब्रू वाचली असती आणि यंत्र गेलं असतं.

"मी केस रंगवतो," मी मोठ्याने सांगितलं. "आज सकाळीच रंगवलेत. यंत्र बरोबर आहे. ज्याला हसायचंय त्याने हसून घ्यावं."

सगळे हसले. फिटर तर खालीच बसला. मी मान खाली घातली नाही. मी भिंतीपाशी सरकलो, आकडा उतरू दिला आणि म्हणालो, "आता एकेकाने नळीपाशी येऊन जा." फिटर आला, चार. बाई आल्या, चार.

"साहेब, आता तुम्ही."

अठ्ठावन्नाव्या वर्षीही साहेबांचे केस काजळासारखे काळे. ते खुर्चीतून उठलेच नाहीत. "माझी खात्री पटली आहे," असं म्हणून त्यांनी कागद मागवला आणि तिथेच बसून सही केली.

यंत्र राहिलं. साहेब त्या खोलीत पुन्हा आले नाहीत. काम असलं की मलाच बाहेर बोलावतात. मी ताठ मानेने जातो. केस आता पांढरेच ठेवलेत. साधेपणा वगैरे काही नाही, नळीसमोर दिवसभर बसायचं असतं.