लाल कसा दिसतो ते दाखवतो

फॉर्म भरण्यात अख्ख्या दांडिया बाजारात माझा हात धरणारा कोणी नाही! हे मी म्हणत नाही, आमच्या इमारतीतले जगदेवराव म्हणतात. मी फक्त अधूनमधून त्यांना म्हणायची आठवण करून देतो. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत शेजाऱ्यांचे सगळे फॉर्म मी भरले, एकही परत आला नाही. त्यामुळे करोनाच्या दिवसांत प्रवासासाठी ते आरोग्याचं ॲप आलं, तेव्हा सगळी इमारत माझ्याकडे धावली यात नवल ते काय!

तसं ते सोपं होतं. एकूण आठ प्रश्न. ताप आहे का, खोकला आहे का, वास यायचा बंद झालाय का, वगैरे. सगळ्यांना 'नाही' म्हटलं की फोन हिरवा, खुशाल गाडीत बसा. 'हो' म्हटलं की लाल, गपगुमान घरी बसा. शिवाय ब्लूटूथ चालू ठेवायचं, म्हणजे आपल्या जवळपास कोण कोण होतं याची नोंद ॲप परस्पर ठेवतं. हे सारं मी एका संध्याकाळी गच्चीवर वर्ग भरवून समजावलं. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, मध्ये दोन-दोन हात अंतर आणि सगळ्यांचं ब्लूटूथ चालू!

"हिरवा बघितला. पण लाल कसा दिसतो हो?" जगदेवरावांनी विचारलं.

शहाण्या माणसाने इथेच वर्ग सोडला असता. मी म्हटलं, "दाखवतो की!"

आता स्वतःचा फोन लाल करण्याइतका मी काही खुळा नव्हतो. मी गोरव्याच्या कारखान्यात नोकरीला, तिथे हिरवा दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. पण बायकोचा, म्हणजे मुग्धाचा फोनही माझ्याच हातात होता. दुसऱ्या दिवशी तिला प्रवासाला निघायचं होतं, तिचंही ॲप मीच भरणार होतो. ताप? हो! खोकला? हो! दम लागतो? हो! आठेआठ 'हो' ठोकले आणि फोन लालभडक झाला. लोक खूश!

"आता पुसा," जगदेवराव म्हणाले.

मी आठ वेळा 'नाही' दाबलं. फोनवर अक्षरं आली : 'माहिती नोंदवली आहे. पुढील बदल चौदा दिवसांनी.'

वर्ग घाईघाईने सुटला.

मुग्धा पुण्याला निघाली होती ती तिच्या वडिलांच्या, नानांच्या, सहस्रचंद्रदर्शनासाठी. ती त्यांची एकुलती एक लेक. दीड वर्षात बापलेकीची भेट नव्हती. 'पहिलं औक्षण मुग्धाच्या हातचं, ती आल्याशिवाय दिवा लावायचा नाही,' असं नानांनी गुरुजींना बजावून ठेवलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून तर तोंड उघडेना. जेवताना एकदा धीर करून उघडलं, तर ती म्हणाली, "मीठ हवंय का?" मी "हो" म्हटलं आणि खारट आमटी निमूटपणे संपवली.

सकाळपर्यंत आपोआप हिरवं होईल, अशी माझी आशा. झालं नाही. रिक्षात मी तिला बजावलं, "ॲप भरून ठेवलंय, उघडू नकोस हं, बिघडेल."

"तुम्ही भरलंय ना? मग मला कशाला बघायला हवं?" ती म्हणाली. मांडीवर नानांसाठी आमच्याकडचा खास दोन किलो लिला चिवडा. शरमेने मी रिक्षाबाहेर बघत बसलो.

स्टेशनच्या दारात तपासणीला पीयूषभाई नावाचा गुजराती तरुण बसला होता. मी पुढे होऊन माझाच फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"आ तो तमारो छे, काका. बेननो बतावो!"

बेननो बघितला मात्र, आणि तो खुर्चीसकट मागे सरकला. "बेन! तमने तो आठेआठ तकलीफ छे!"

"मला? मने कशुं नथी थयुं, भाई!"

"ताव, खांसी, श्वास, बधामां 'हा' लखेलुं छे. काले सांजे छ वागे!"

मुग्धा माझ्याकडे वळली. "काल सहा वाजता फोन तुमच्याकडे होता."

"जगदेवरावांना बघायचा होता," मी म्हटलं.

"काय?"

"लाल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पीयूषभाईला हात जोडले, "भाई, एकनी एक दीकरी छुं." त्यानेही हात जोडले, "बेन, मशीन आगळ मारुं शुं चाले?" खरंच, मशीनपुढे त्याचं तरी काय चालणार! गाडी सुटल्याचा भोंगा आम्ही दाराबाहेरच ऐकला.

तेवढ्यात जगदेवरावांचा फोन. "श्रीकृष्णराव, घात झाला! अख्खी इमारत केशरी! काल गच्चीवर कोणीतरी आजारी माणूस होतं म्हणे. मला वाघोडियाच्या कंपनीत आत घेईनात! कोण असेल हो?"

"चौकशी करतो," मी म्हटलं.

दुपारी आमच्या दारावर मुग्धाच्या नावाचा कागद चिकटला : चौदा दिवस बाहेर पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रेशमी साडी नेसून, फोन पाटावर उभा करून औक्षण केलं. पलीकडे हॉलमध्ये मोजकी वीस माणसं आणि मध्ये नवं उपरणं घेतलेले नाना. मी दाराआड उभा.

"मुग्धे, आठ-आठ लक्षणं? अगं, झालं तरी काय?" नानांनी विचारलं. ॲपने का अडवलं, तेवढंच तिने त्यांना कळवलं होतं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. आता वीस जणांसमोर माझं पितळ उघडं पडणार, आणि पडायलाच हवं होतं!

"काही नाही नाना, अचानक जरा ताप आला," ती म्हणाली.

"तरी म्हणतो, श्रीकृष्णराव जवळ आहेत ते बरं!" नाना हॉलकडे वळून मोठ्याने सांगू लागले, "दुसरा कोणी असता तर आठेआठ 'नाही' ठोकून बायकोला गाडीत बसवलं असतं. आमच्या जावयाने गाडी सोडली, पण खोटं लिहिलं नाही! कुठे आहेत ते? बोलवा!"

मुग्धाने फोन माझ्याकडे वळवला. "या. नमस्कार करा नानांना."

मी जमिनीला डोकं टेकलं. नानांचा आशीर्वाद देऊन झाला, गुरुजींचा मंत्रही म्हणून झाला, तरी माझ्याने काही डोकं वर करवेना. पलीकडून एक आजीबाई म्हणाल्या, "बघा, आजकाल इतका वाकून कोण करतं!"