मी जिंकत आणलेले तीन डाव

रत्नाबाईंना मी वीस मिनिटांत गुंडाळणार होतो. तिन्ही डावांत! तसं घरी जाहीरही करून टाकलं होतं.

आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळाचा बुद्धिबळ संघ होसकोट्याला सामना खेळायला जाणार होता. जागा एकच उरली होती आणि दावेदार दोघं. एक मी, कॉलेजात ढाल जिंकलेला इंजिनिअर. दुसऱ्या, सत्तरीच्या रत्नाबाई! चिकपेटेतलं साड्यांचं दुकान सुनेवर सोपवून तीन महिन्यांपूर्वी त्यांनी पट हाती घेतलेला. पंच माझी बायको, शुभदा. म्हणजे तर घरचंच काम!

पहिल्या डावात मी त्यांचा हत्ती मारला. बाईंनी काहीतरी पुटपुटत हात पुढे केला. डोक्यावर पंखा घरघरत होता, पण ऐकायचं काय त्यात? हरल्या बिचाऱ्या!

"सरी, अक्का, सरी!" मी तो हात पंप मारल्यासारखा हलवला.

शुभदानं लिहिलं, "अर्धा-अर्धा गुण."

"अर्धा? त्यांनी हार मानली ना!"

"त्यांनी 'बरोबरी करू या का?' विचारलं. तू सरी, म्हणजे 'ठीक आहे' म्हणालास, वर हातही दिलास."

दुसऱ्या डावात मी चवताळलो. वजिरानं शह! राजा सरकला. पुन्हा शह! राजा परत जागेवर. खांबाभोवती चोर पळवणाऱ्या हवालदारासारखी मजा येत होती मला!

"स्वल्प थांबा, अण्णा," रत्नाबाई म्हणाल्या. "हीच मांडणी तिसऱ्यांदा आली. मी बरोबरी मागते."

"असा कुठं नियम असतो?"

"असतो," शुभदानं नियमांची पुस्तिका माझ्या नाकासमोर धरली.

तिसऱ्या डावात मात्र मी दयामाया ठेवली नाही. त्यांचं एकेक मोहरं खाल्लं. उरला एकटा राजा, तोही कोपऱ्यात! भोवती मंडळी जमली. मी वजीर असा आपटला की शेजारची कॉफी हिंदकळली.

"मात!"

"पण शह कुठं आहे, अण्णा?"

"शह नाही, पण राजा हलून तर दाखवा!"

"हलता येत नाही. दुसरं मोहरं तुम्ही ठेवलं नाही. शह नाही आणि चालही नाही. मग ही बरोबरीच की!"

मी शुभदाकडे पाहिलं. तिनं पुस्तिका उघडलीसुद्धा नाही.

गुण दीड-दीड! मंडळानं होसकोट्याला रत्नाबाईंना पाठवलं. जिंकत आलेल्या माणसाशी तीनदा बरोबरी करणारा खेळाडू त्यांना हवा होता म्हणे. मी राखीव!

होसकोट्याहून परतीच्या वाटेवर न राहवून विचारलं, "अक्का, हे सगळं शिकलात कधी?"

"सगळ्यात आधी, अण्णा. जिंकायला वेळ लागतो. म्हटलं, तोवर हरायचं कसं नाही ते शिकावं. तुम्हालाही शिकवते की!"

आता रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जातो. आणि सांगायला आनंद वाटतो, काल एक हरलेला डाव मी चक्क बरोबरीत सोडवला! नाचतच घरी आलो.

"कुणाशी खेळलास?" शुभदानं विचारलं.

"मोबाईलशी."

"कुठल्या पातळीवर?"

...ते जाऊ द्या हो. अर्धा गुण हा अर्धा गुण असतो!