निकालाचं दुसरं पान

वेंडेल स्टकीने फक्त एक चादर रंगवायची ठरवली होती. पण माणसाचं वाटोळं व्हायला तेवढंही पुरतं.

ओहायोतल्या बकर्स मिल गावात तो गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. वय एकसष्ट, हात कुशल, डोकं हट्टी. आरोग्य विमा नव्हता, आणि तो नसल्याचा त्याला अभिमान होता. सगळ्यांनी विमा घेतलाच पाहिजे असा कायदा झाल्यापासून तर तो अभिमान दुप्पट झाला होता.

"आज म्हणतात विमा घे," तो म्हणायचा. "उद्या म्हणतील रोज गाजर खा!"

"खाल्लंस तर बरंच होईल," अर्लीन म्हणायची. अर्लीन म्हणजे त्याची बायको. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. शाळेच्या विम्यात नवऱ्याचं नाव घालता येत होतं. नुसती त्याची सही हवी होती. तो फॉर्म तिने फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला होता. मुदत जुलैअखेर.

वेंडेलच्या पोटात अधूनमधून कळ यायची. तेव्हा तो टेबलाची कड धरून गप्प उभा राहायचा. अर्लीनची त्याच्याकडे पाठ असायची, पण भांडी घासताना समोरच्या खिडकीच्या काचेत तिला सगळं दिसायचं. (हे वेंडेलला ठाऊक नव्हतं. त्याला बरंच काही ठाऊक नसायचं.)

शेवटी दोघांची पैज लागली. कायदा सर्वोच्च न्यायालयात गेलाच होता. न्यायालयाने सक्ती मोडीत काढली, तर अर्लीनने त्या कागदाचं नाव पुन्हा काढायचं नाही. सक्ती टिकली, तर वेंडेलने मुकाट्याने सही करायची.

"शब्द?"

"शब्द."

निकालाच्या आदल्या दिवशी वेंडेलने कपाटातली पांढरी चादर काढून लाल रंगात मोठ्ठं लिहिलं: खिसा माझा, मर्जी माझी. (चादर चांगली होती. अर्लीनला तिच्या आईने दिलेली. पण ते पुढचं.)

गुरुवारी सकाळी दहा वाजता टीव्हीवरची बाई हातात कागद घेऊन ओरडली, "सक्ती रद्द!"

वेंडेलने फ्रिजवरचा फॉर्म ओढला, अंगणातली शेगडी पेटवली आणि कागद तिच्यावर ठेवला. "घे! वास चांगला येतोय ना?"

 हातातलं फडकं अर्लीनने चार घड्या करून ठेवलं. तेवढंच.

वेंडेलने शिडी लावली आणि चादर खांद्यावर टाकून तो गॅरेजच्या छपराशी पोचला. एक कोपरा ठोकला, दुसरा ठोकायला घेतला, तोच समोरून रेडिओ कानाला लावून मर्ल आला. मर्ल निवृत्त पोस्टमन. कायद्याच्या बाजूचा, म्हणून वेंडेल त्याच्याशी तीन महिने फक्त हवापाण्यावर बोलत होता.

"वेंडेल, खाली ये. निकाल उलटा आहे."

"हरलास म्हणून जळू नकोस, मर्ल!"

"अरे, टीव्हीवाल्यांनी पहिलं पान वाचलं आणि पळत सुटले. खरा निकाल दुसऱ्या पानावर होता! सक्ती टिकली. विमा न घेतल्याचा दंड हा कर आहे म्हणे, आणि कर सरकार लावू शकतं."

"कर? तो कर आहे?"

"मी नाही म्हणत. कोर्ट म्हणतंय."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि चादर सगळ्यांना दिसत होती. वेंडेल घाईने ती गुंडाळायला लागला. दोन्ही हात चादरीत, एक पायही चादरीत. मग तो, चादर आणि शिडी, असे तिघे एकदम खाली आले.

आता गंमत पुढे आहे. बकर्स मिलचा आगीचा बंब गावातली माणसंच चालवतात, पगाराशिवाय. वेंडेल त्यातला जुना गडी. अर्लीनने फोन केला आणि गवतात पडलेल्या वेंडेलच्या कमरेचा पेजर बोलायला लागला: "गॅरेजवरून माणूस पडलाय, सगळ्यांनी या."

"चला," असं म्हणत वेंडेल सवयीने उठायला गेला, "कोणीतरी पडलंय."

"तूच पडलायस, बाबा," मर्ल म्हणाला. "झोपून राहा."

पाय दोन ठिकाणी मोडला होता.

विमा नसलेलं माणूस आजारी पडलं की बकर्स मिलमध्ये एक रीत आहे. त्याच्या बिलासाठी पैसे टाकायला दुकानात गल्ल्याशेजारी त्याचा फोटो चिकटवलेला कॉफीचा डबा ठेवतात आणि मग एका शनिवारी बंबखान्यात तिकीट लावून स्पगेटीचं जेवण ठेवतात. एकोणीस वर्षं त्या जेवणाचा सॉस वेंडेल करत आला होता. "ही माणुसकी झाली," तो म्हणायचा. "इथे सरकारचं काय काम?"

या खेपेला डब्यावर त्याचा फोटो होता. कोणीतरी शिडीवरचाच काढला होता, चादरीसकट.

जेवणाच्या शनिवारी सॉस कोण करणार यावर चर्चा झाली. दुसऱ्या कोणाला तो जमत नव्हता. तेव्हा प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून वेंडेलने स्वतःच्याच पायासाठी सॉस रटरटत ठेवला. मध्येच वारा खायला तो कुबड्या टेकत बाहेर आला. परत आत शिरायला गेला तर दारात टेबल टाकून अर्लीन तिकिटं विकत बसलेली.

"आठ डॉलर," ती म्हणाली.

"अगं, पाय माझा आहे!"

"दिसतोय. आठ डॉलर."

"मी जेवणारसुद्धा नाही. पोटात कळ येतेय."

अर्लीनने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एकोणीस वर्षांपूर्वीचा पुठ्ठा होता: जेवा किंवा नका जेवू, तिकीट प्रत्येकाने घ्यायचंच. नाहीतर पुरत नाही. अक्षर वेंडेलचं होतं.

रांगेत मागे मर्ल उभा होता.  चांगला माणूस, नुसता छताकडे बघत राहिला.

वेंडेलने आठ डॉलर ठेवले. तिकिटाबरोबर अर्लीनने नवा फॉर्म आणि पेन पुढे सरकवलं.

"हाही सक्तीचा का?"

"नाही. तुझी मर्जी." तिने पेनाचं टोपण काढलं. "मला काचेत सगळं दिसतं, वेंडेल. ऑगस्टात विमा सुरू झाला की डॉक्टरकडे जायचं."

 कुबडी काखेत दाबून वेंडेलने सही केली. एकही शब्द न बोलता, जन्मात पहिल्यांदा.

"झालं?" ती डोळे पुसत म्हणाली. "आता आत पळ. सॉस करपतोय. आणि जेवण झालं की टेबलावरची चादर तूच धुवायची. रंग जात नाहीये."

वेंडेलने आत पाहिलं. लांब टेबलावर त्याचीच चादर अंथरलेली होती, आणि "मर्जी माझी" वर स्पगेटीचं पातेलं ठेवलं होतं.