पोत्यातला पीयूष

पीयूषनं मोबाईल बिजाईच्या पोत्यात ठेवायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी त्याला का म्हणूनही विचारलं नाही. नवे नियम करायचा त्याला नादच होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी फिजिक्सनं दगा दिल्यापासून तर त्यानं अभ्यासापेक्षा अभ्यास कसा करावा यावरच जास्त मेहनत घेतली होती. भिंतीवर चार रंगांत वेळापत्रक होतं. पहाटे पाचला उठणे, डोळे मिटून बसणे, दिवसाला तीन लिटर पाणी, आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मोबाईलला हात नाही.

हात लावायचा नाही, तर ठेवायचा कुठं? कपाटात ठेवला तर पाय आपोआप कपाटाकडे वळतात. बिजाईचं पोतं म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं. मृगाच्या तोंडावर रोपांसाठी पऱ्हे टाकेपर्यंत त्याला कितीही नड आली तरी कुणी शिवत नाही. इतकी पक्की जागा गावात दुसरी नव्हती. मोबाईल फडक्यात गुंडाळून कोपरभर खोल धानात, वर सुतळीची गाठ. आवाज बंद, फक्त अलार्म चालू. एका व्हिडिओतल्या सरांनी सांगितलं होतं, माणूस जगाचं ऐकत नाही, स्वतःचं ऐकतो. म्हणून पीयूषनं स्वतःच्याच आवाजात सूचना भरून ठेवल्या होत्या. दर पन्नास मिनिटांनी पोतं नवी सूचना द्यायचं. कधी म्हणायचं, "पीयूष, ऊठ. पाणी पी." आणि पीयूष उठून पाणी प्यायचा.

"पोतं सांगते तं आयकते," त्याची आई जमुनाबाई म्हणायची. "मी सांगतो तं बहिरा होते."

त्या मंगळवारी फिजिक्सच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. संध्याकाळी पाचला साइट बंद, आणि फॉर्म राहिला की वर्ष गेलं. पण पीयूष निर्धास्त होता. वेळापत्रकात हिरव्या शाईनं लिहिलंच होतं, 'मंगळवार, चार वाजता, फॉर्म.' त्या एका कामापुरती मोबाईलच्या नियमाला सूट होती. शेवटच्या दिवशी साइटवर गर्दी कमी असते, असा त्याचा स्वतःचा शोध होता. म्हणून सकाळी आठला तो कानात कापूस घालून गावतलावाच्या पाळीवर डोळे मिटून बसायला गेला.

इकडे शेजारचा सुखराम पीयूषच्या बापाला हाका मारत धावत आला. "ईश्वरदासभाऊ, खरेदी केंद्रावर आज तुमचा नंबर हाये. मेसेज नाई आला का?"

मेसेज आदल्या दिवशीच आला होता, पीयूषच्या नंबरावर. पण मेसेजची पेटी रिकामी तर डोकं मोकळं, या नियमाप्रमाणे पीयूषनं तो न वाचताच पुसून टाकला होता.

नंबर हुकला की पंधरा दिवस लटकावं लागतं. ईश्वरदासनं ट्रॅक्टर बोलावला, भराभर पोती चढवली. शेवटचं एक पोतं उंदरांनी फोडून ठेवलेलं निघालं. त्यानं घरभर नजर फिरवली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. "बिजाईचं पोतं आन. यंदा नवं वाण घेऊ. हे वाण वाऱ्यात लय लोळते."

"पीयूषले तं विचारू," जमुनाबाई म्हणाली.

"धान त्यानं लावलं होतं का?" ईश्वरदास म्हणाला. पोतं गेलं.

साडेनऊला पीयूष प्रसन्न चेहऱ्यानं घरी आला. कोपरा मोकळा होता. आईनं काय झालं ते सांगितलं, आणि कानात कापूस असल्यामुळे तिला ते दोनदा सांगावं लागलं. मग मात्र त्यानं सायकल काढली.

केंद्रावर पोचला तर काम बंद. हमाल ओळीनं बसून निवांत पाणी पीत होते, आणि त्यांच्यापुढे धानाची प्रत ठरवणारा ग्रेडर चुन्नीलाल कपाळाला हात लावून उभा होता. ईश्वरदासचं सगळं धान सरकारी बारदान्यात, म्हणजे तागाच्या पोत्यांत पालटून, मशीननं शिवून, आधीच्या शेकडो पोत्यांच्या थप्पीत जाऊन बसलं होतं. घाईच्या त्या ओताओतीत फडक्याची पुरचुंडी कुणाच्या नजरेस पडली नव्हती.

"काम काऊन बंद हाये?" पीयूषनं विचारलं.

"थप्पीनं सांगतलं," हमालांचा म्होरक्या मंगरू शांतपणे म्हणाला. "ऊठ, पाणी पी म्हने. वीस वर्सं झाली पोते उचलून राहिलो, पाण्याचं आजवर कोनी विचारलं नाई."

पीयूषला हायसं वाटलं. मोबाईल जिवंत होता. त्यानं चुन्नीलालला सगळं समजावून सांगितलं आणि वर भरवसाही दिला, "काळजी नका करू. अकरा वाजता थो पुन्हा बोलन."

"भैया, सिलाई हो गई. आता खोलता येत नाही, नियम आहे."

"नियम पाळलाच पाहिजे," पीयूष मनापासून म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की हा नियम आपल्याच मुळावर येतोय. "पन फारमचा ओटीपी त्याच मोबाईलवर येते, माया वर्साचा सवाल हाये जी."

मंगरू उठला. त्याची स्वतःची पोरगी बारावीला होती. "पोट्ट्याचं वर्स जाऊन राहिलं, साहेब. थप्पी आमी खोलतो, आमीच लावून देऊ. तुमी फक्त तिकडं पाहा." चुन्नीलालनं जरा विचार केला आणि तो तिकडं पाहू लागला.

अकराला थप्पी बोलली. दहा माणसं कान लावून पोत्यांना चिकटली. "पीयूष, मान डावीकडे फिरव," थप्पी म्हणाली आणि वीस सेकंदांत गप्प झाली. आवाज मधल्या भागातून आला एवढंच कळलं. एकदोघांनी मानही फिरवली. मग पोती उतरू लागली. अकरा पन्नासला आवाज खालच्या थरातून आला, बारा चाळीसला मागून. पीयूषही पाठीवर पोती घेऊ लागला. तिसऱ्या पोत्याला त्याला व्हिडिओतल्या सरांचा पहिल्यांदा राग आला.

दोन वीसला सगळे पुन्हा कान लावून उभे राहिले. ही वेळ कुठल्या सूचनेची, ते पीयूषला एकदम आठवलं. पण थप्पीचं तोंड कोण दाबणार?

"पीयूष, झोपू नको," थप्पी खणखणीत आवाजात म्हणाली. "तू बाबांसारखा आळशी नाहीस. बाबा दुपारी झोपतात, तू जागा राहतोस."

ईश्वरदास त्या वेळी पाठीवर पोतं घेऊन उभा होता. सकाळपासूनचं कितवं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. हमालांनी माना खाली घातल्या. पीयूषला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, थे मी असंच..."

"आवाज कोनत्या पोत्यातून आला थे पाय," ईश्वरदास म्हणाला. "बाकीचं घरी पाहू."

त्यानंतर पीयूष बापाच्या पाठीवरची पोती हिसकून स्वतः घेत राहिला. चारला, वेळापत्रकात लिहिल्याप्रमाणे अगदी ठोक्याला, शेवटून दुसऱ्या ओळीतलं पोतं बोललं. मंगरूनं शिवण उसवली, कोपरापर्यंत हात घातला आणि पुरचुंडी बाहेर काढली. चार्जिंग तीन टक्के होतं. पीयूष उसवलेल्या पोत्यावरच बसला. त्यानं फॉर्म भरला, ओटीपी आला, आणि चार वाजून पस्तीस मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण उमटली. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"झाला का फारम?" पलीकडून, जमिनीवर आडवा पडलेल्या मंगरूनं विचारलं.

"झाला," पीयूष म्हणाला आणि मेसेजची पेटी उघडून बसला. यापुढं न वाचता काही पुसायचं नाही, असा नियम त्यानं नुकताच केला होता. पेटीत ओटीपीखाली एकच मेसेज होता, विद्यापीठाचा, सकाळी साडेनऊचा. फेरपरीक्षेच्या अर्जाला आठ दिवस मुदतवाढ.

त्यानं मोबाईल बापापुढे धरला. ईश्वरदासनं मेसेज दोनदा वाचला. मग अंगणभर पसरलेल्या पोत्यांकडे पाहिलं, घाम पुसत बसलेल्या दहा हमालांकडे पाहिलं, आणि मोबाईल बंद करून स्वतःच्या खिशात टाकला.

"थप्पी लागू दे पयले," तो पोराच्या कानाशी म्हणाला. "मंग सांगू."